न केलेला उपवास

लोक माझ्या पाया पडत, तेव्हा माझ्या घशात दुपारची घेवड्याची भाजी अडकलेली असे. हे लिहायला लाज वाटते, पण लिहायलाच हवं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही चेन्नईतच राहिलो. अण्णा नगरात मराठी मंडळींचं दर गुरुवारी दत्ताचं भजन असे आणि आरती मी सांगत असे. साठीनंतर माझ्या घशाला काहीतरी झालं. गिळलेला घास तासा-दोन तासांनी जसाच्या तसा तोंडात परत येई, पाणी प्यायलं की गळ्यात गुडगुडे, आडवं झालं की ठसका लागे. चारचौघांत जेवायची मला धास्तीच बसली. एका गुरुवारी प्रसादाचं ताट पुढे आलं आणि मी बोलून गेलो, "संध्याकाळचं अन्न सोडलंय मी." बायकांनी हात जोडले. पुढे वजन उतरत गेलं, तर लोकांना तेही तपच वाटलं. खरं सांगतो, मला ते आवडलं. माझी बायको सुमन हिच्या नजरेत तर मी इतका मोठा कधीच नव्हतो. "तुम्ही उपाशी आणि मी जेवू होय?" म्हणत तिनंही संध्याकाळचं जेवण सोडलं. मी तिला अडवलं नाही, घशाचंही सांगितलं नाही. अशी दोन वर्षं गेली.

मग एका गुरुवारी ऐन आरतीत तो घेवडा तोंडात आला. मी रुमाल तोंडाशी धरला. लोकांना वाटलं, भक्तीनं माझा कंठ दाटला. मागच्या नळावर मी रुमाल धूत होतो, तेव्हा एक आजी येऊन उभ्या राहिल्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, भाचीकडे पाहुण्या आलेल्या. त्यांनी रुमालाकडे पाहिलं आणि स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं.

"हे विरदम, व्रत नाही हो. तुमच्या तोंडैंत, गळ्यांत पिशवी आहे. माझ्या यजमानांस असंच गुडगुड होत होतं. लाजून गप्प बसले. अन्न श्वासाच्या नळींत उतरलं, गेले ते. उद्याच डॉक्टरास दाखवा. सरी, बरं का?"

मला आधी रागच आला. पण दुसऱ्या दिवशी, नुसता घसा खवखवतोय असं सांगून, मी सुमनबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी खडूसारखं पांढरं औषध पाजून एक्स-रे काढले. घशाच्या मागे खरोखरच पिशवी लोंबत होती, औषधानं भरलेली. "किती दिवसांपासून त्रास आहे?" त्यांनी विचारलं. खोटं ओठांवर तयार होतं, पण आजींचं ते 'गेले ते' आठवलं. "दोन वर्षं," मी म्हणालो.

"मग तो उपवास?" सुमननं विचारलं.

"नव्हता."

ती पुढे एक शब्द बोलली नाही.

ऑपरेशन तोंडातूनच झालं. पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधली भिंत कापून स्टेपलरनं टाके घातले, गळ्यावर साधा ओरखडासुद्धा नाही. पुन्हा उद्भवू शकतं, काहींना परत करावं लागतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिला घोट पाणी प्यायलो. आवाज न करता तो खाली गेला. सुमन माझ्या उशाशी बसली, कँटीनमधून आणलेल्या चार इडल्यांचा पुडा तिनं उघडला आणि मला न विचारता, माझ्याकडे न बघता, भराभरा खाल्ल्या. तिला किती भूक होती ते मला तेव्हा दिसलं. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. आयुष्यभर दत्तापुढे हात जोडले, पण मुठीत काहीतरी लपवूनच. त्या संध्याकाळी लपवायला काही उरलं नव्हतं.

पुढे भजनाला गेलो तेव्हा आरतीआधी सगळ्यांना सगळं सांगितलं. पाया पडणं त्या दिवशी संपलं. आजी कधीच तंजावरला परतल्या होत्या, त्यांची भेट पुन्हा झाली नाही. त्यांना कुणी पाठवलं हे मी कुणाला विचारत नाही, रोज जेवायला बसताना नुसते हात जोडतो.

सगळं सांगितलं त्याच गुरुवारी प्रसादाचा शिरा आला. सुमननं आधी स्वतः खाल्ला, मग माझ्या तळहातावर ठेवला.

"चावून खा," ती म्हणाली.

दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी चावून खाल्लं.