सुनीताच्या फोल्डरचा गेटपास

माझ्या बायकोचा, सुनीताचा, दोन महिन्यांचा अभ्यास मी एका रविवारी अत्यंत सुरक्षित करून ठेवला. इतका, की तो तिलाही उघडेना!

नव्वदच्या दशकाअखेरची गोष्ट. अंबरनाथच्या आमच्या कारखान्याने काढून टाकलेला कॉम्प्युटर मी कात्रपच्या घरी आणला होता. मी, सुनीता, आई, बाबा, चौघांची चार खाती. (बाबांचा पासवर्ड कॅलेंडरवर लिहिलेला.) सुनीता बी.एड. करत होती. तिचा साठ पानी प्रकल्प त्यातच होता आणि सोमवारी द्यायचा होता. तो हरवू नये म्हणून मी प्रोग्रॅम लिहिला: रोज संध्याकाळी सगळ्यांच्या कामाची प्रत आपोआप निघावी. प्रोग्रॅम चालायचा माझ्या नावाने, त्यामुळे सुनीताच्या फोल्डरपाशी अडायचा. परवानगी नाही!

बाबा तीस वर्षं कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी ऑफिसर होते. म्हणाले, "आधी गेट सगळ्यांना बंद कर. मग एकेकाला पास दे."

मला ते पटलं. (इथेच थांबायला हवं होतं.) सुनीताच्या खात्यात बसून मी तिचा फोल्डर 'सर्वांना' बंद केला आणि परवानग्यांच्या यादीत त्याखाली चौघांना पास दिले. पण त्या यंत्रात 'सर्वांना बंद' म्हटलं की कुठलाच पास चालत नाही, आणि 'सर्वां'मध्ये मालकीणही येते! प्रोग्रॅम अडला, मी अडलो, सुनीता अडली. दुपारपर्यंत मी माझ्या खात्यातून सगळे उपाय करून थकलो. सुनीता कोऱ्या कागदांवर पहिल्या पानापासून हाताने लिहायला बसली होती. मला रडावंसं वाटत होतं.

चहाच्या वेळी बाबांनी विचारलं, "खातं कुणाचं आहे?"

"सुनीताचं."

"मग गेट उघडायची सही तिची. तू कशाला खटपट करतोयस?"

सुनीता उठली, आपल्या खात्यात गेली. फोल्डर उघडत नसला तरी त्याची यादी बदलायचा हक्क मालकिणीकडे होताच; तिने बंदीची ती एक ओळ पुसली. साठच्या साठ पानं समोर! मी तिथेच जमिनीवर बसलो.

प्रकल्प वेळेत गेला. मंगळवारी माझा प्रोग्रॅम पुन्हा अडला, म्हणून मी सुनीताला तिच्या फोल्डरची परवानग्यांची यादी दाखवायला सांगितलं. बाबांना पास होता. माउसला कधी हात न लावलेल्या आईलाही होता. बंदी एकट्या माझ्या नावापुढे.

पुढे वर्षभर तो प्रोग्रॅम रोज संध्याकाळी तिच्या दाराशी जायचा आणि मान खाली घालून परत यायचा. मी त्याला कधी बोललो नाही. शेवटी तो माझ्याच नावाने चालत होता.