न फिटणारा नवस

माहेराहून, निमोण्याहून फोन आला की माझ्या तोंडून पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “सागर बरा हाय ना?” वर्षानुवर्षांची सवय. त्या सकाळीही मी तेच विचारलं.  आणि पलीकडून आवाज आला तो सागरचाच. “आत्या, मी बरा हाय. आई गेली.”

शालनवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, पहाटे झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आमच्या घरावर मरण आलंच तर ते त्या पोराच्या वाटेनं येईल, अशी भीती आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं बाळगली होती की दुसऱ्या कुणाकडं बघायचं राहूनच गेलं. महिना उलटून गेला तरी मला रडू कमी आणि तिचा रागच जास्त येतो. पोराच्या श्वासाला कान लावून बसणाऱ्या बाईनं आपली छाती दुखतेय हे कुणाला सांगितलं नाही.

सागर रांगायचा थांबून नुकता चालायला लागला होता, तेव्हाची गोष्ट. एकादशीला आमच्या आईनं त्याला साबुदाण्याच्या खिचडीचे दोन घास भरवले. बघता बघता ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. पित्त उठलंय म्हणून आईनं आमसूल भिजवून त्याच्या अंगाला चोळलं; आमच्याकडं सगळेच हे करतात. पण पोराचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, तेव्हा दादानं त्याला उचलून शिरूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, “हे पित्त नव्हे, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. पुढच्या वेळी याहून वाईट होईल. एक दाणासुद्धा पोटात जाता कामा नये.”

सांगायला सोपं. आमच्याकडं भाजीत एक वेळ मीठ कमी पडलेलं चालेल, पण दाण्याचं कूट कमी पडलेलं चालत नाही. उपवासाला दाणे, आमटीत दाणे, पाहुण्यांच्या हातावर दाणे. वहिनी जिथं जाईल तिथं ॲलर्जी, ॲलर्जी सांगत सुटली आणि लोक तिला हसले. “शेतकऱ्याचं पोर हाय, एका दाण्यानं काय व्हतंय? सवय लागाय पायजे.” गुपचूप भरवून बघणारेही निघाले, आणि तेही मायेनंच. एका लग्नात कुणीतरी दाण्याचा लाडू त्याच्या तोंडापर्यंत नेलेला वहिनीनं हाताला फटका मारून पाडला. मांडवभर बोभाटा झाला. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं आपलं डोकं चालवलं आणि जाहीर करून टाकलं, “सागरचे दाणे म्या बिरोबाला सोडल्यात. नवस हाय.”

आणि काय सांगू, एका दिवसात गाव सुतासारखं सरळ झालं. डॉक्टरचा शब्द मोडणारी माणसं देवाचा शब्द कशी मोडतील? आम्ही धनगर, बिरोबाचं नाव निघालं की आमच्यात वाद संपतो. बायका आपापल्या पोरांना बजावू लागल्या, त्याला दाणा देऊ नका, देव कोपेल. मी वहिनीला म्हटलं, “डॉक्टरपेक्षा तूच हुशार निघालीस.” ती हसली नाही. म्हणाली, “वन्सं, आत्याबाई इच्यारत्यात, नवस कवा फिटायचा? म्या म्हनलं, चौथी पास झाल्यावर. कायतरी बोलावं लागतंच ना... तवाचं तवा बघू.”

तिनं सांगितलेलं ती विसरली. आमची आई, तिच्या आत्याबाई, विसरली नाही.

सागर चौथी पास झाला त्या उन्हाळ्यात दौंडला आमच्या घराची वास्तुशांत होती. वहिनी आदल्या दिवशीच मदतीला आली. सागरला आईनं ठेवून घेतलं होतं. दुपारी शेजारच्यांचा फोन वाजला, निरोप निमोण्याचा. आईनं पोराला बिरोबाच्या देवळात नेऊन नवस फेडला होता. नारळ फोडला, दाण्याच्या लाडवाचा नैवेद्य दाखवला आणि त्यातलाच लाडू प्रसाद म्हणून त्याच्या तोंडात घातला. दादा त्याला घेऊन शिरूरला निघालाय, एवढंच कळलं.

आम्ही होतो तशा निघालो. शिरूरच्या वाटेवर चौफुल्याला जीपवाला शिटा भरायची वाट बघत बिडी ओढत बसलेला. वहिनी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. “माझं पोरगं मरतंय. हाल हितनं.” त्यानं बिडी टाकली.  जीपमध्ये मी तिचा हात धरायला गेले तर तिनं झिडकारला. मग एकदम म्हणाली, “म्या ह्यांना शिकवून ठेवलंय. आमसूल हुडकत बसू नका, गाडीला किक मारा. मारली आसंल ना ओ वन्सं?” मी व्हय म्हणाले. मला काय ठाऊक होतं?

दादानं किक मारली होती. दवाखान्यात इंजेक्शन वेळेवर मिळालं. आम्ही पोचलो तेव्हा सागर डोळे मिटून पडला होता, तोंड ओळखू येत नव्हतं, पण छाती वरखाली होत होती. बाहेर भिंतीशी आई बसली होती. वहिनीला बघून म्हणाली, “देवाचं थकवू नये म्हून फेडलं गं म्या. परसाद लेकराला कसा बाधंल?”

वहिनी तिच्यासमोर जमिनीवरच बसली. “आत्याबाई, देवाचं काय नव्हतंच. म्या खोटं बोलले.”

“देवाच्या नावानं?” आई म्हणाली. आणि मग तिनं तोंड फिरवलं. त्या दोघी एका चुलीवर राहिल्या, पण कितीतरी दिवस मध्ये कुणीतरी तिसरं असल्याशिवाय बोलल्या नाहीत.

सागर घरी आल्यावर वहिनी बचत गटाच्या बैठकीत उभी राहिली. पदर खोचून म्हणाली, “देवाचं फेडलं की फिटतं. ह्ये फिटत न्हाई. माझ्या पोराला दाणे देवानं बंद केल्याले न्हाईत, डाक्टरनं केल्यात.” तिच्यावर थुंकणारेही होते; बिरोबाचं खोटं नाव घेणारी म्हणून तिला लग्नांची आमंत्रणं येईनाशी झाली. पण हळूहळू बायका दारात यायला लागल्या. कुणाच्या मुलीला दूध चालायचं नाही, कुणाच्या मुलाला अंडं. शिरूरची रेहाना तर तिची मैत्रीणच झाली. तिच्या लेकीला दुधानं दम लागायचा आणि ईदला शिरखुर्मा नको म्हटलं की नातेवाईक रुसायचे. मग ईदच्या दिवशी वहिनी तिच्याकडं जाऊन बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “पोरीचा जीव मोठा का तुमचा रुसवा?” शाळेत खिचडी शिजायला लागली तेव्हा शिजवणाऱ्या बाईला, नव्या गुरुजींना, सगळ्यांना तिनं एकच शिकवलं, पित्त म्हणून थांबू नका. तिची कटकट व्हायची, हे मीही कबूल करते. पण त्या कटकटीवर आमचा सागर मिसरूड फुटेपर्यंत आला.

वहिनीच्या तेराव्याला सागरनं मला विचारलं, “आत्या, आईला काय आवडायचं? पानावर ठेवायला.” मी बोलून गेले, “शेंगदाण्याची चटणी.” लग्न होऊन आली तेव्हा वाटीभर चटणी नुसत्या भाकरीबरोबर संपवायची ती. पोरगं बघतच राहिलं. आपल्याला दाणे आवडतच नाहीत, असं आईनं त्याला जन्मभर सांगितलं होतं. तो उठून बाहेर गेला आणि थोड्या वेळानं अंगणात येऊन उभा राहिला. हातात शेंगदाण्यांची पुडी. सगळे जागच्या जागी थिजले.

आमची आई काठी टेकत पुढं झाली. आता तिला नीट दिसतही नाही. “ठिव ती खाली. आन् हात धू आधी, साबणानं.” घरामागं लांब तीन दगड मांडून तिनं स्वतः दाणे भाजले, कुटले, कुणाला हात लावू दिला नाही. पानाच्या कडेला चटणीची वाटी ठेवली आणि लुगड्याचा पदर तोंडाला लावून म्हणाली,

“शालन, खा गं बाई पोटभर. पोरगं लांब उभं हाय.”