तात्यांचं काळीज आणि सूर्याचं वादळ

तामलवाडीत ज्याला आजारपण लपवायचं असेल, त्यानं माझ्या शेजारी राहू नये. उत्तरेश्वरतात्यांचं घर मात्र माझ्या भिंतीला भिंत लावून आहे, त्याला त्यांचाही इलाज नाही अन् माझाही.

तात्यांनी सगळी हयात तुळजापुरात रेडिओ दुरुस्त करण्यात घालवली. पुढं दुकान मोडलं, बायको धुरपदाबाई गेल्या, लेक दीपमाला पुण्याला नांदायला गेली. हल्ली तात्यांच्या छातीत मधूनच मासा उलटल्यासारखं व्हायचं. डॉक्टरकडं चला म्हटलं की ते वर सूर्याकडं बोट दाखवायचे. सूर्यावर वादळ उठलं की रेडिओ खरखरतो, हे त्यांनी कानांनी ऐकलेलं. त्यात मोबाइलवर वाचलं, की अशा वादळानं माणसाच्या ठोक्यांतही फरक पडत असावा, शास्त्रज्ञ तपास करताहेत. तात्यांनी तपास संपायची वाट बघितली नाही. सकाळी उठून आधी मोबाइलवर सूर्याची तब्येत बघायची, मग स्वतःची नाडी.

"तात्या, सूर्यालाच एकदा काढा पाजा," मी म्हणायचे, "तुम्हालाबी उतार पडंल."

एक दिवस न्हाणीच्या दाराशी भोवळ येऊन पडले, तेव्हा मीच त्यांना धाराशिवला नेलं. डॉक्टरांनी सूर्याची हकिगत न हसता ऐकली. म्हणाले, काही अभ्यासांत थोडाफार संबंध दिसलाय, पण पक्कं कुणी सांगत नाही. तुमचा ठोका चुकताना पकडायला हवा, नाहीतर एखादी रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन अंग लुळं पडेल. मग छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला ठोके टिपणारी डबी अडकवली. उद्यापर्यंत काढायची नाही, रोजच्यासारखं राहायचं.

येताना बसमध्ये मी फक्त दोघींना सांगितलं. दिवेलागणीला तात्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी शेंगा आणल्या, कुणी चहा. वायरी बघायला म्हणून आलेला सिद्धाराम गप्पा मारत ओसरीवरच झोपला. तात्यांनी जुने रेडिओ उघडून दाखवले, लई हसले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बघितलं, तर यंत्रात एकही ठोका चुकलेला सापडला नाही. तात्या खूश. त्या दिवशी सूर्य शांत होता म्हणे, मग काळीज कशाला हालंल? डॉक्टरांनी मला विचारलं, घरी काय काय झालं. मी सांगितलं. हा काही रोजचा दिवस नव्हता, असं म्हणून त्यांनी डबी परत अडकवली.

"नागूबाई," तात्या म्हणाले, "एवढ्या बारीला तोंड बंद ठेव."

ठेवलं. मला ताप आला का काय, असं नवऱ्याला वाटलं, एवढी मी गप्प. दिवसभर पलीकडं कुणी फिरकलं नाही. दुपारी बोलणं ऐकू आलं म्हणून भिंतीला कान लावला, तर तात्या स्वतःलाच विचारत होते, चहा टाकू का. संध्याकाळी दीपमालाचा फोन आला. घरात माणसं बसलीत, नंतर बोलू, असं सांगून त्यांनी ठेवला. घरात कुणी नव्हतं. माझा हात त्यांच्या दाराच्या कडीवर गेला होता, पण गेले असते तर यंत्राला पुन्हा जत्राच दिसली असती. मी परत येऊन भाकरी थापत बसले.

या बारीला ठोके चुकलेले सापडले, एकदा नाही, कितीतरी वेळा. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी लिहून दिली, जन्मभराची. तात्यांनी तिथंच मोबाइल काढला. सूर्य त्याही दिवशी शांतच होता.

परतीच्या बसमध्ये ते गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं करत बसले. मी चिडवलं, आता तरी त्या बिचाऱ्या सूर्यावरचा आळ काढा.

"सूर्याचं असतं तर बरं झालं असतं गं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मग सगळ्यांचंच हाललं असतं. माझ्या एकट्याचंच न्हाय."

मी तिकिटाची घडी करत बसले. घरी आल्यावर पाणी देऊ का म्हटलं, तर नको म्हणाले आणि दार लोटून घेतलं. जराशानं पलीकडं तांब्या वाजला. गोळी घेतली असावी.