रिकाम्या ओळी

दातांच्या दवाखान्यात तिला सगळे वहीबाई म्हणत. बावीस वर्षं पेशंटांच्या वेळा तिच्या वहीत होत्या. लांब, जाड पुठ्ठ्याची वही, पानाला एक दिवस, ओळीला वीस मिनिटं. लिहायचं पेन्सिलीनं, कुणाचं येणं रद्द झालं की खोडरबर फिरवायचा. पण त्या वहीचं खरं शहाणपण लिहिलेल्यात नव्हतं, सोडलेल्यात होतं. सुई पाहूनच ज्याला घाम फुटे, त्याच्या नावाखाली ती एक ओळ रिकामी ठेवी. असा माणूस वीस मिनिटांत तोंडसुद्धा उघडत नाही. हे तिनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. पाणी कुठून येतं ते विहीर थोडंच सांगत बसते!

मग डॉक्टरांची सून कारभार बघायला आली आणि टेबलावर कॉम्प्युटर बसला.

"महिनाभर दोन्ही चालवू," सून म्हणाली. "ज्यात घोळ कमी, ते ठेवू. याचं जमलं तर लोक घरूनच वेळ घेतील. मग टेबलाशी माणूस लागणार नाही."

डॉक्टर खाली बघत हातमोजे काढत राहिले.

"घाबरू नका बाई, चावत नाही तो," नर्स म्हणाली.

"चावायला दात लागतात गं. हा सबंध गिळतो."

आणि गिळलंच त्यानं. रिकामी ओळ दिसली रे दिसली की घरबसल्या कुणीतरी तीत येऊन बसे. आत भेदरलेला पेशंट खुर्चीचे हात सोडत नसे, बाहेर पुढचा घड्याळ दाखवून भांडे. चौथ्या दिवशी तिनं उपाय काढला. रिकाम्या जागी आजोळची, कधीच गेलेली माणसं भरली. फोन नंबर स्वतःचा दिला. संध्याकाळी ती भाजी निवडत असताना फोनवर निरोप येई, थोरल्या मामांना उद्या साडेअकराची वेळ आहे. मामा गेले तेव्हा त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. तिला एकटीला हसू येई.

ठरलेला महिना संपला. सुनेनं कागद पुढे ठेवला.

"वहीत चुका तीन. कॉम्प्युटरमध्ये वेळ घेऊन न आलेले एक्केचाळीस. आणि बाई, एक्केचाळिसांचाही नंबर तुमचाच."

तिनं वही उघडली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरांना त्या ओळी बोटानं दाखवल्या.

"साहेब, तुमचा हात कधी घाईत चालला नाही, तो यांच्यामुळे."

डॉक्टर पानं उलटत गेले. कपाटातून मागची वही काढली, त्याच्या मागचीही. त्यांचे ओठ हलत होते.

"म्हणजे रोज दोन-तीन पेशंट कमी?" ते सावकाश म्हणाले. "मला वाटायचं, आपल्याकडे लोकच येत नाहीत. मी स्वतःलाच दोष देत राहिलो, बाई."



"एक तारखेपासून नका येऊ," सून म्हणाली, आणि ते इतक्या हळू आवाजात, की वहीबाईला चिडताही येईना.

शेवटच्या आठवड्यात एका निवृत्त पोस्टमनचा फोन आला. "बाई, दाढ काढायचीय. छातीत आत्तापासूनच धडधडतंय बघा. जरा सांभाळून वेळ द्या."

पडद्यावर सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत नावाला नाव चिकटलं होतं. मंगळवारी तेवढी एक जागा होती.

"मंगळवारी चारला या, काका," ती म्हणाली. "चार वीसला दुसरे आहेत."