पाण्याचा दिवस

सोलापुरात कुणाच्या घरी जायचं झालं तर आधी विचारावं लागतं, "तुमचं पाणी कधी आहे?" आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो आणि त्या दिवशी घरातलं एक माणूस अडकून पडतं. आमच्या घरी ते माणूस म्हणजे आई. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघते. घरात आम्ही दोघीच.

आईची एक खोड होती. पाण्याच्या दिवशी सकाळी ती ड्रममध्ये उरलेलं पाणी शिळं म्हणून ओतून टाकायची. त्याच पाण्यानं फरशी धुवायची, कुंड्यांना घालायची, मग ड्रम घासून पालथे घालायची आणि नळाची वाट बघत बसायची. पाण्यासाठी इतक्या बोंबा मारणाऱ्या गावात पाणी शिळं कसं होतं, हे मला कधी कळलं नाही. पण गल्लीतल्या सगळ्याच बायका तसंच करतात.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका सकाळी, ड्रम पालथे घालून झाल्यावर, करकंबहून माझ्या मावसभावाचा फोन आला. मावशी बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती. आईची ती एकुलती एक बहीण, माहेरचं उरलेलं एकच माणूस.

"मावशे, आईचं काय खरं न्हाय. तुजंच नाव घेतीय. लगीच ये."

आई म्हणाली, "पाणी आलं की निघतेच."

पाणी आलं नाही. दुपारी कळलं, मोठी पाइपलाइन कुठंतरी फुटली आहे. आईनं मला यातलं काहीच कळवलं नाही. संध्याकाळी घरी आले तर ही नळासमोर स्टुलावर बसलेली, अंगावर बाहेर जायची साडी, पायाशी भरलेली पिशवी. सगळं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ऊठ. पाणी मी भरते. शेवटची एसटी अजून मिळेल."

"आन् न्हाय आलं तर? घरात घोटभर पाणी न्हाय. तू काय पिशील?"

"जार आणीन विकतचा."

"यील की आता," ती म्हणाली, पण जागची हलली नाही.

एसटी निघून गेली आणि मग दिवेलागणीला नळाला करंगळीएवढी धार आली, तीही गढूळ. आम्ही दोघींनी ड्रम भरले.

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो. पंढरपूर सोडलं आणि भावाचा फोन आला. आईनं ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात देऊन खिडकीबाहेर बघत राहिली.

करकंबच्या शिवारात उसाला पाणी सोडलं होतं. पाट काठोकाठ वाहत होता. मला त्या पाण्याचा इतका राग आला की मी मान फिरवली. घरी पोचल्यावर वहिनीनं आईला जवळ घेतलं आणि सांगितलं, "काल दुपारी ह्यांनी तुमाला परत फोन लावायला घेतला हुता. सासूबाईंनीच नगं म्हनलं. आज तिच्या पाण्याचा दिस हाय, म्हनल्या, भरू दे तिला."

मला रडू आवरेना. आई नुसती मान हलवत राहिली, व्हय, व्हय, म्हणत.

आता आई पाणी ओतून टाकत नाही. एक ड्रम तर कायम भरलेला असतो, घट्ट झाकण लावून. त्याला ती मला हातही लावू देत नाही. एकदा त्यात अळ्या दिसल्या तेव्हा मी भांडलेच, "कशाला साठवून ठेवतेस हे?"

"कुणाचा फोन आला तर लगीच निघता यावं म्हणून," ती म्हणाली.

तिच्या माहेरचं आता कुणीच उरलेलं नाही. मी झाकण परत लावलं.