दोन फ्लॉप्या कमी पडल्या

पालमच्या एका बाईवर अन्याय झाला. यंदाच, १९९२ साली, शाळा उघडायच्या आदल्या सोमवारी, सकाळी साडेअकराला. जागा परभणीतल्या एका शिक्षणसंस्थेचं कार्यालय. अन्याय करणारा मी.

विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं लिहिणारा तोच मी. ‘हक्काची नोंद पुसणाऱ्यांनो, जबाब द्या’ ही ओळ माझीच. पोटासाठी त्या संस्थेत कंप्युटर सांभाळायचो. एक मोठं मशीन, सर्व्हर. त्याला जोडलेली टेबलांवरची तीन. शिक्षक व्हायला आलेल्या अर्जांची यादी सर्व्हरवर. ज्याचा अर्ज आधी, त्याचा नंबर आधी.

शनिवारी नवं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. कोणती माहिती कुठं साठली, जागा किती उरली हे ते बघणार, रोज आपोआप प्रतही काढणार. मुख्य भाग सर्व्हरवर, छोटा भाग टेबलांवरच्या प्रत्येक मशीनवर. त्यासाठी आधी सर्व्हरची डिस्क पुसून नव्यानं आखायची. पुस्तिकेतली पहिलीच सूचना होती: सगळ्याची प्रत फ्लॉपीवर घ्या.

फ्लॉप्या दोन कमी पडल्या. कमी कशाच्या, माझ्याच पिशवीत होत्या. त्यांवर मी माझी पत्रकं ठेवली होती. छापून, गावोगाव वाटून झालेली पत्रकं, तरी पुसवेनात. यादीतले सर्वांत जुने अर्ज मी प्रतीविना सोडले. म्हटलं, कागदी रजिस्टर आहेच की.

हेडक्लार्क डोकावले. “पत्रकवाले, मशीनला जेवू घातलं का न्हाई अजून?”

“घालतोय,” म्हणालो, आणि डिस्क पुसली. चारही मशीनवर सॉफ्टवेअर झकास बसलं.

सोमवारी पालमची ती बाई आली. डी.एड. होताच इथं अर्ज देऊन नऊ वर्षं बालवाडीत मुलं सांभाळणारी. यंदा तिचा नंबर लागणार होता, पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती. यादीत तिची नोंद नाही. हेडक्लार्कनी रजिस्टर शोधलं, मग त्यांना आठवलं. कंप्युटर आला म्हणून उन्हाळ्यातच ते रद्दीत दिलं होतं.

“पोचपावती आणा, बाई.”

“नऊ वर्षांखाली दिलती का तुमी कुणाला पावती? आमी तिघी-चौघी रांगेत उभ्या होतो, एकीलाबी न्हाई भेटली.”

“मग नवा अर्ज करा.”

“मंजी शेवटचा नंबर. लय चांगला न्याय हाय तुमचा.”

मग ती माझ्याकडं वळली. “जय भीम, दादा. तुमचं पत्रक घरात भिंतीला लावलंय मी. तुमी बघा की मशीनमधी.”

मी बघितल्यासारखं केलं. चार-दोन बटणं दाबली. “मशीनमध्ये नाही, ताई.”

शब्द खरा होता. का नाही, ते मी गिळलं.

“तुमी म्हणता मंजी नसलच,” ती म्हणाली आणि पालमच्या बसला गेली.

त्यानंतर मला सभेत ‘जबाब द्या’ म्हणता आलं नाही. या महिन्यात संस्थेला लेखी कबुली दिली. उत्तर मिळालं, तुमच्या कबुलीनं तिचा अर्ज सिद्ध होत नाही. साक्षीदार आणा.

म्हणून हे लिहितोय. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या रांगेत तुम्ही तिच्याबरोबर उभ्या असाल, तर तुमच्याही भिंतीवर माझं पत्रक असेल, ते काढा. त्याच्या पाठीवर लिहा की तिला अर्ज देताना तुम्ही पाहिलं. खाली सही करा, आणि उद्याच्या पहिल्या बसनं ते त्या कार्यालयात नेऊन द्या.