जवसाचं तेल प्यालेलं रबर

इंजिन चेन-पुलीला लटकलेलं. गाडीखाली रशीदभाई आडवे. आणि माउंटिंगचा बोल्ट काही केल्या भोकात शिरेना.

"आपा, कल तो बराबर बैठा था!" खालून आवाज आला.

बसला होता खरा. मीच लावून पाहिला होता. गाडी आमच्या जुन्या गिऱ्हाइकाची, नानाजींची; त्यांच्या लग्नाच्या वेळची. दिग्रसच्या आमच्या गॅरेजात रशीदभाईंनी आणि मी ती पार उघडून नव्यानं बांधली होती. दुसऱ्या दिवशी आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया; लेकींनी माहेरी जायचा सण. नानाजींच्या शांताबाई याच गाडीतून नवरी होऊन आल्या होत्या. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "ढाणकीले माहेरी जाईन तं याच गाडीत. नाही तं जातच नाही."

आता माउंटिंग म्हणजे काय, ते सांगते. चालू इंजिन थरथरतं. ते थेट चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कसलं तर गाडीसकट आपलेही दात वाजतात. म्हणून मधे रबराचे जाड ठोकळे घालतात. इंजिनाची गादीच म्हणा ना.

ठोकळा हातात घेतला तर सटकला. सुजलेला, चिकट. वास घेतला. जवसाचं तेल!

ठोकळे पूजेसाठी म्हणून नानाजी रात्री घरी घेऊन गेले होते. आता ते स्टुलावर बसून खुशीत म्हणाले, "रातभर भिजवले. नव्या वहाणेले नाही का तेल पाजत आपण? मंग चावत नाही. म्हटलं, याहीले पाजावं."

"नानाजी, वहाण चामड्याची! रबर तेल पिऊन फुगते!"

"मले काय मालूम बाप्पा!" त्यांचा चेहराच उतरला. "आता तिले काय सांगू?"

नवे ठोकळे लगेच मिळणार नव्हते. रशीदभाई थेट कापसाच्या जिनिंगमध्ये गेले आणि यंत्राच्या टाकून दिलेल्या पट्ट्याचा तुकडा घेऊन आले. कापड-रबराचा, चांगला जाड. आम्ही त्याचे थर कापले, एकावर एक रचून उंची जमवली, भोकं पाडली. बोल्ट सरसर गेले.

रशीदभाई लगेच आवळायला निघाले. मी त्यांचा पाना धरून थांबवला. बोल्ट आधी ढिलेच ठेवायचे. इंजिन थोडं चालवायचं, त्याला आपली जागा धरू द्यायची, मग बंद करून आवळायचं. घाई केली की ते वाकडं बसतं आणि जन्मभर कुरकुरतं.

आवळून पुन्हा सुरू केलं. बॉनेटवर चहाचा कप ठेवला. चहा हलला, सांडला नाही. नानाजींनी तोच कप उचलून पिऊन टाकला. चहा माझा होता.

सकाळी शांताबाई नवं लुगडं नेसून गाडीत बसल्या. गाडी निघाली तशा म्हणाल्या, "अहो, लग्नाच्या वक्ती तं केवढी थरथरत होती! बिघडवली का काय?"

"गाडी नोहोती वं," नानाजी म्हणाले, "तू थरथरत होतीस."

ढाणकीहून दोघं संध्याकाळी हसत परतले. पट्टा अजून टिकून आहे. तेव्हापासून मी सुटा पार्ट कोणाच्या घरी पूजेला देत नाही. पूजा गॅरेजातच करायची, आणि तेल फक्त दिव्यात घालायचं.